मोठ्या बाईंचं हरवलं-सापडलं

माझ्याशी घासाघीस करून जिंकलेलं एकच माणूस या मुंबईत आहे, आणि त्या माणसाला कोथिंबिरीच्या जुडीचाही भाव करता येत नाही. माझा धंदा जुन्या ऑफिस फर्निचरचा. पवईतल्या कंपन्या जागा बदलतात, बंद पडतात. त्यांच्या खुर्च्या-टेबलं मी उचलतो, घासूनपुसून पॉलिश करतो आणि वाकोल्याच्या दुकानातून विकतो. वडील गिरणीत होते. गिरणी गेली तेव्हा आमच्या खोलीत पाहुण्याला बसायला स्टूल नव्हतं, आणि आज माझ्या गोडाऊनमध्ये खुर्च्यांमुळे उभं राहायला जागा नाही. हे कोणाच्या मेहरबानीने झालेलं नाही, तोंडाच्या जोरावर झालंय. टाय लावलेल्या मॅनेजरांना मी एसीत घाम फोडलाय. पण माझ्या मुलीच्या शाळेतल्या मोठ्या बाईंपुढे माझी डाळ कधी शिजली नाही. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. शाळेत सगळे तसंच म्हणायचे. अंगाने मात्र त्या इतक्या लहान होत्या की चौथीच्या रांगेत उभ्या राहिल्या असत्या तर मधोमध आल्या असत्या. इथल्याच जुन्या गावठाणातलं, रविवारी न चुकता चर्चला जाणारं घराणं. बारा महिने हातात छत्री, पावसासाठी नव्हे, बोट दाखवायला. बाजारात भाजीवालीने भाव सांगितला की बाई काळजीने विचारायच्या, "एवढ्यात तुला परवडतं का गं?" मी एकदा शेजारी उभा होतो. मला तिथेच चक्कर यायची बाकी होती.

त्यांच्या शाळेचे नियम जगात कुठे नसतील असे होते. चपला-बूट सगळ्यांनी व्हरांड्यात काढायचे, वर्गात अनवाणी बसायचं. मी मुलीला टाचेत लाल दिवे लागणारे बूट घेतले होते. ते दिवसभर व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. वाढदिवसाची चॉकलेटं मुलाने वाटायची नाहीत, ऑफिसातल्या डब्यात टाकायची. शनिवारी तो डबा सगळ्यांत फिरायचा आणि कोणाचं चॉकलेट कोणतं हे कळायला मार्ग नसायचा. "बाबा काय करतात?" हा निबंध त्या शाळेत कधी झाला नाही. आणि सगळ्यात कहर म्हणजे छोट्या सुट्टीत वर्गातले सगळे डबे एका परातीत उपडे व्हायचे. बायकोने एकदा पहाटे उठून कोळंबीभात करून दिला. पोरगी घरी आली आणि म्हणाली, "पप्पा, आज मी चपाती आणि लसणाची चटणी खाल्ली. मस्त होती!" मी तसाच शाळेत गेलो. चिडलो की मी मालवणीत जातो. "माका येडो समजतास काय? कोळंबीचो भाव ठावक आसा?" मी गरजत होतो, बाई चष्मा पुसत होत्या. माझा दम संपल्यावर म्हणाल्या, "किती छान भांडता हो तुम्ही! आमच्या पालक समितीत असं भांडणारं कोणीच नाही. याल का?" मी भांडायला गेलो होतो, अध्यक्ष होऊन परत आलो. तेव्हापासून त्या मला नावाने कधी बोलल्या नाहीत. "काय अध्यक्ष," एवढंच. त्यात आदर किती आणि टोमणा किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

जूनमध्ये समितीची पहिली बैठक झाली. ज्या मुलांच्या घरी अडचण आहे त्यांच्यासाठी शाळेने वर्षाचा आराखडा करायचा असतो. वर पाठवायचा आराखडा बाईंनी आधीच सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला होता. त्यात कोणाचंच नाव नव्हतं. मग दार लावलं, चहा आला आणि खरी बैठक सुरू झाली.

"दुसरीतल्या जुळ्यांनी काय हरवलंय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"दप्तर," वर्गाच्या बाई म्हणाल्या. "दोघांनी मिळून एकच हरवलंय."

"मग एकच देऊ?"

"दोन द्या हो, डोकी फोडतील एकमेकांची."

"चौथीत?"

"चौथीत दोघांनी रेनकोट हरवलाय. आणि एकाने चष्मा. त्याला फळ्यावरचं काहीच दिसत नाही, सांगत नाही मात्र."

मी ऐकत होतो आणि माझं डोकं तापत होतं. म्हटलं, "अहो, शाळा उघडून आठवडा नाही झाला! इतकी धांदरट पोरं? दिवाळीपर्यंत फळा हरवतील!" सगळ्या बाया खाली मान घालून हसायला लागल्या. मोठ्या बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अध्यक्ष, ज्याच्याकडे असतं त्याचंच हरवतं असं थोडंच आहे?"

मग त्यांनी मला ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडून दाखवलं. वर पाटी होती, 'हरवले-सापडले'. चर्चमधल्या ओळखीतून, जुन्या विद्यार्थ्यांकडून, कुठून कुठून आणलेल्या वस्तूंनी ते कपाट गच्च भरलं होतं. एखाद्या मुलाला बोलावून घ्यायचं आणि त्याला चांगलं झापायचं, ही बाईंची पद्धत. "हे दप्तर तुझं ना? मागच्या वर्षी विसरलास आणि माझ्या कपाटात जागा अडवून बसलंय. उचल आधी!" मूल खाली मान घालून दप्तर घेऊन जायचं, वर्गाला वाटायचं याला ओरडा बसला. ओरडा काय, सगळ्यांनाच बसतो. एकदा एक चौथीतला पोरगा अडून बसला, "बाई, हा रेनकोट माझा नाही." बाई कडाडल्या, "मग काय माझा आहे? मी घालू?" पोराने रेनकोटाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. तो त्यांना अगदी बरोबर बसला असता. बिचारा हसू दाबत घेऊन गेला. आणि नवीकोरी दप्तरं आली तर ती हरवलेली कशी वाटणार? म्हणून शाळा सुटल्यावर दोन शिक्षिका व्हरांड्याच्या भिंतीवर ती घासत बसायच्या. मी जन्मभर जुनं नवं करून विकलं. नवं जुनं करण्यासाठी घाम गाळणारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होतो. धंदेवाला म्हणून माझा जीव तुटायचा.

माझ्या मुलीच्या वर्गात, तिसरीत, काजल नावाची मुलगी होती. आई पहाटेच बिल्डिंगांमध्ये धुण्याभांड्याला जायची, बाप कधी असायचा, कधी नसायचा. काजल लहान भावाला बालवाडीत सोडून शाळेत यायची आणि प्रार्थनेला उभी असताना मधेच खाली बसायची. परात आणि शाळेची सरकारी खिचडी नंतर. सकाळच्या शाळेला उपाशीच. बाई तिला ऑफिसात बोलवायच्या. "डॉक्टरने मला मीठ कमी सांगितलंय. हे पोहे चाखून बघ, खारट आहेत का." काजल एक घास घ्यायची आणि गंभीरपणे म्हणायची, "एवढ्याने कळत नाही, बाई." "मग नीट खाऊन सांग." डबा संपायचा तेव्हा कळायचं की मीठ बरोबर होतं. पण प्रार्थनेत खाली बसणारी ती एकटी नव्हती आणि बाईंचा डबा एकच होता. नाश्ता कुठल्याही कपाटात ठेवता येत नाही.

म्हणून मी मनावर घेतलं. पवईतल्या एका कंपनीच्या खुर्च्या उचलायला गेलो होतो, तिथे समाजकार्याचं खातं बघणारी एक मुलगी भेटली. साठ मुलांना वर्षभर सकाळी उपमा, अंडं, केळं द्यायला ती तयार झाली. अट एकच. "सर, बेनिफिशियरी दिसायला पाहिजेत ना. नाव, फोटो, हातात आमचा बोर्ड." मी बसलो तिच्यासमोर. चहा संपला, दुसरा आला. नावं काढायला लावली. हातातला बोर्ड काढायला लावला. दर महिन्याचा फोटो होता, तो वर्षातून एकावर आणला. एक फोटो, मागे बॅनर, विषय संपला. आयुष्यात मी यापेक्षा चांगला सौदा केलेला नाही. रात्री जेवताना घरी सगळं रंगवून सांगितलं. पोरगी टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोटोत कोण उभं राहणार?"

"ज्यांना नाश्ता मिळणार ती."

"म्हणजे वर्गाला कळणार, कोण ते."

"कळू दे की! पोटात अन्न जातंय ना, बाई?"

"सगळी शाळा उभी करते. काढा फोटो."

"फोटोत दिसेल त्या प्रत्येकाला नाश्ता द्यायचा, असा त्यांचा हिशेब आहे. साऱ्या शाळेचा नाश्ता द्यायला ती कंपनी माझ्या सासऱ्याची नाही."

"मग नाही."

मी सौद्यात एकेक पायरी खाली उतरलो. म्हटलं, पोरांना पाठमोरी उभी करू. त्या म्हणाल्या, "रोज मागच्या बाकावरून पाठ बघणारी मुलं आहेत, अध्यक्ष. त्यांना पाठ ओळखता येत नाही?" म्हटलं, फक्त पहिलीतली उभी करू, त्यांना काय समजतंय. "पहिलीतल्यांनाच सगळ्यात जास्त समजतं." म्हटलं, फोटो शाळेबाहेर काढू, दूर कुठेतरी. "का? गुन्हा केलाय का त्यांनी?" माझा आवाज चढला. "मी उपाशी होतो तेव्हा जिथे पंगत दिसेल तिथे जाऊन बसलोय. कोणी हात धरून उठवलं तर दुसऱ्या टोकाला जाऊन बसलोय. मी नाही लाजलो!" बाई शांतपणे म्हणाल्या, "लाजला नाहीत, तर अजून एवढे चिडता कशावर?"

या वाक्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही. समोरच्याचा माल बघावा, भाव करावा. त्याच्या घरात शिरू नये. मी उठून निघून आलो. कंपनीने तो नाश्ता दुसऱ्या एका शाळेला दिला. तिथल्या साठ पोरांनी फोटो काढला आणि वर्षभर अंडी खाल्ली. हे खरं आहे आणि ते मी बाईंना ऐकवलंही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर काजल आली नाही. बाईंनी आठवडाभर वाट पाहिली. मग एका शनिवारी माझ्या दुकानात आल्या. आमच्यात तेव्हा बोलणं नव्हतं. "काजलची खोली रिकामी आहे. आरेतल्या पाड्यावर मावशीकडे गेलेत म्हणे. मला एकटीला शोधता येणार नाही." मी टेम्पो काढतो म्हटलं, तर म्हणाल्या, "नको. तुम्हाला टेम्पोतून उतरताना बघून त्यांना वाटेल सामान उचलायला आलात." बसने गेलो. दोन्ही बाजूंनी झाडं, मधूनच गोठ्यांचा वास, आणि आम्ही दोघं एका बाकावर दोन टोकांना.

पाडा सापडायला वेळ लागला. काजलची आई दारातच भेटली. बाईंना बघून तिने घाईने सतरंजी घातली, पाणी दिलं. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. "बाई, तिकडे सकाळचा नाश्ता सुरू होणार होता ना? तुमची मुलगी म्हणाली होती काजलला," हे माझ्याकडे बघत. "रोज विचारायची, आई, उद्या असेल का गं? दिवाळीपर्यंत थांबलो आम्ही. इथे बहिणीकडे सकाळी भाकरी तरी असते पोरांना."

"आणि शाळा?" बाईंनी विचारलं.

"आहे म्हणतात थोडी लांब. धाकट्याला कोण बघणार? बघू."

तेवढ्यात काजल भावाला कडेवर घेऊन आली. बाईंना बघून उंबऱ्यातच थांबली. जरा भरली होती अंगाने. तिने फक्त एवढंच विचारलं, "बाई, माझी जागा कोणाला दिली?"

"कोणाला नाही," बाई म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये माझ्याकडे बोलायला खूप होतं. महिनोन्‌महिने जपून ठेवलेली वाक्यं होती. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. तोंड न वळवताच म्हणाल्या, "बोला ना, अध्यक्ष. घरून तयारी करून आला असाल."

"नंतर," मी म्हटलं.

नंतर काजलचा दाखला घेऊन बाई पुन्हा गेल्या, तेव्हा ती माणसं मावशीकडूनही निघून गेली होती. कुठे, ते मावशीलाही नीट सांगता येईना. मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात मी भाषण केलं नाही. अध्यक्षांनी करायचं असतं, पण माझ्या तोंडातून काय निघालं असतं याची मलाच खात्री नव्हती. काजलची बाकावरची जागा त्या दिवसापर्यंत रिकामी होती. माझी मुलगी दुसऱ्या कोणाला तिथे बसू द्यायची नाही आणि बाईंनी तिला कधी टोकलं नाही.

आता बाई गावठाणातल्या घरी असतात. हल्ली त्यांना नीट दिसत नाही, पण मी दारावरून जात असलो की आवाजावरून ओळखतात. "काय अध्यक्ष." मी थांबतो. पाच मिनिटं इकडचं तिकडचं होतं आणि मग आमच्यापैकी कोणीतरी सुरू करतं. मी म्हणतो, एक फोटो, बाई, फक्त एक. त्या म्हणतात, सगळी शाळा उभी केली असती तर त्यांचं काय बिघडलं असतं? मी म्हणतो, मी कंपनीशी अजून घासाघीस केली असती, तुम्ही मला दोन दिवस द्यायला हवे होते. त्या म्हणतात, तुम्ही मागायला हवे होते. आवाज चढतात, येणारे-जाणारे बघतात, बायको फोन करून विचारते कुठे अडकलात. वाकोल्यात त्या मुलीचं नाव घेणारी आता बहुधा आम्ही दोघंच. आमच्या भांडणात काजल अजून तिसरीत असते, नाश्त्याचं अजून ठरायचं असतं, आणि ते लवकर मिटवायची घाई आम्हा दोघांनाही नसते.