थेरडी म्हणा, बिचारी म्हणू नका

मला म्हातारी म्हटलेलं चालतं. थेरडी म्हटलं तर मीही दोन शब्द सुनावते आणि विषय संपतो. पण 'बिचारी' म्हणत कुणी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, की डोकं फिरतं. हे शिकले वडिलांच्या आत्याकडून. तिला घरात सगळे आत्तीच म्हणायचे.

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. कोल्हापुरात आमचा दुधाचा धंदा. पेठेत आत्तीला तोंडावर म्हातारीच म्हणत. "म्हातारे, आज दूध पातळ दिसतंय." ती म्हणायची, "तुझ्या अकलेपरास दाट हाय." तालमीतली पोरं थेरडी म्हणायची, ती त्यांना मुडदे म्हणायची, आणि त्यांच्याच पेल्यात चार धारा जास्त पडायच्या.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची. मालकानं हाका मारत पुढं पळायचं, म्हशीनं मोकळंच मागं यायचं. आमच्या म्हशीपुढं कायम आत्ती. त्या वर्षी वडील मऊ आवाजात म्हणाले, "आत्ती, औंदा मी पळतो. तुज्या बिचारीच्या जिवाला कशाला तरास? आता बसून खा. म्हशीचं समदं मी बघतो."

आत्तीनं शिंगांचा रंग खाली ठेवला. "आज म्हशीपुढनं काढशील, उद्या धारंवरनं. मग मी काय उंबऱ्यावर माशा मारू? थेरडी म्हण. बिचारी म्हणू नगंस."

पाडव्याला वडील अंघोळ करून येईस्तोवर तिनं दावं सोडलं होतं. कासोटा आवळून, अनवाणी, रस्त्यावर. मी तिच्या मागं.

"थेरडी आली रं, वाट सोडा," तालमीतली पोरं ओरडली.

तिनं हाक दिली आणि पळाली. पळाली म्हणजे काय, भरभर चालली. बाकीच्या म्हशी धुरळा उडवत पुढं गेल्या. आमची तरणी म्हैस मात्र तिच्या खांद्याशी मान ठेवून तिच्याच चालीनं आली. एकदाही पुढं गेली नाही.

"शेवटचा नंबर की गं म्हातारे," एकानं टोचलं.

"व्हय की. नंबरात तरी हाय."

गर्दीतून वडील आले. हातात तिचं पायताण. त्यांनी ते तिच्या पायांपुढं ठेवलं.

तिनं पाय घातले. "धारंची वेळ झाली. पुढं हो आन चरवी घासून ठेव."

वडील चरवी घासायला गेले.