खालानं सांगितलं नाही

बोलणं संपलं की खाला उजवा तळवा समोरच्या वाकळेवर दाबून धरायची आणि म्हणायची, "हितलं हितंच." मग बायका सुया कापडात टोचून ठेवायच्या, आपापले तांबे उचलायच्या आणि बाजाराच्या वाटेला लागायच्या.

भोर-नसरापूरकडच्या जुन्या माणसांना ही बाई आठवत असेल. ती सुईण होती. मुसलमानाची, पण बोलणं आपल्यासारखंच मावळी. आमच्या भागातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली. ती तिला चांगलंच म्हणतील. म्हणू देत. माझा तिच्यावर राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

मी पासलीचा. डोक्यावर हिरड्याची पोती वाहत डोंगर उतरलो आणि नसरापूरला स्वतःची वखार घातली. प्रत्येक गोष्टीला भाव असतो आणि समोरचा नाही म्हणतो तेव्हा तो भाव वाढवत असतो, एवढ्या एका शहाणपणावर मी वर आलो. खाला ही एकच बाई अशी भेटली, की ती नाही म्हणायची तेव्हा ते नाहीच असायचं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचं सांगतो. माझा मुलगा तापानं गेला. चार वर्षांचा होता. मी तेव्हा पुण्यात होतो. निरोप पोचला होता. हिरड्याचा भाव चढायची लक्षणं होती, म्हणून मी एक मुक्काम वाढवला. परत आलो तोवर सगळं उरकलं होतं. त्यावर बायको मला एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर मीही भांडलो असतो. भांडण मला येतं. ती भाकरी वाढायची आणि भिंतीकडे बघत बसायची.

अशात खाला आमच्या दारी आली. महिनाभर ती घरोघर फिरत होती, हे मला मागाहून कळलं. मी माल हेरावा तशी ती मूल गेलेल्या बाया हेरत होती. दोघींना तिनं नको म्हटलं. एकीचं दुःख फार ओलं होतं, दुसरीला गप्प बसता येत नव्हतं. सहाच निवडल्या. एका घरातल्या दोघी नकोत, सासू-सून तर नकोच. दिवस बाजाराचा, कारण डोंगरावरच्या बाया त्या दिवशी खाली येतातच, घरी कारण सांगावं लागत नाही. बसायचं खालाच्या ओट्यावर. पाणी जिचं तिनं आणायचं, म्हणजे विटाळाचा वाद नको.

"खाला, रडून पोरं माघारी येत्यात व्हय?" मी विचारलं.

"न्हाई येत, शेट."

"मग बसून करणार काय?"

"वाकळ शिवणार."

पहिल्या खेपेहून बायको परतली आणि जेवताना आपणहून तिथली रीत सांगू लागली. जिला बोलायचं तिनं सुई खाली ठेवायची. बाकीच्यांनी शिवत राहायचं, मान वर करायची नाही. तोंडाकडे कुणी बघत नाही, म्हणून बोलवतं. 'देवाची मर्जी' म्हणायचं नाही, 'नशीब' म्हणायचं नाही, 'दुसरं होईल' तर मुळीच नाही. कुणी रडली तर तिला गप्प करायचं नाही. एकीचं सांगून झालं की खाला हळूच विचारते, "आनी कुणाला असं झालंय?" मग दुसरी सुई खाली येते.

"आन तू काय बोललीस?" मी विचारलं.

"हितलं हितंच," बायको म्हणाली आणि हसली. मूल गेल्यावर ती पहिल्यांदा हसली, आणि तेही मला काही न सांगताना. ते मला झोंबलं.

दुसऱ्या आठवड्यात मी खालाकडे गेलो. ओट्यावर पत्रा घालून देतो म्हणालो.

"पाऊस आला तर आत बसतो की."

"ती माझी बायकू हाय, खाला."

"व्हय. मग तिलाच इचारा."

"तिनं माझं नाव घेतलं का, एवढंच सांगा."

"एवढंच एवढंच म्हणत माणूस सगळं मागतो, शेट. तुमी तर त्याच धंद्यातले."

मी तिचं चिंध्यांचं गाठोडं लाथेनं उडवलं. ती वाकून एकेक चिंधी गोळा करू लागली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

त्या सहाजणींपैकी पासलीची धोंडाबाई आपला हिरडा मलाच घालायची. पहाटेपासून डोंगर उतरून ती वखारीत आली, तेव्हा मी तिची पाटी तराजूत घेतली नाही.

"आदी सांग. माझी बायकू माझ्याबद्दल काय बोलती?"

"शेट, ते मागू नका."

"मग उचल पाटी आन चढ डोंगर."

ऊन कलेपर्यंत ती दारात बसून राहिली. मग उठून आली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "त्या म्हनल्या, मालकांचा काय दोष न्हाई. नशिबाचा खेळ."

मी तिचा हिरडा घेतला. तिला चहाही पाजला. पण माझा आनंद घरापर्यंतसुद्धा टिकला नाही. नशिबाचं नाव काढायला त्या ओट्यावर बंदी होती. अडवून घेतलेला माल कसा असतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? घेणाऱ्याला बरा दिसेल असा वरचा थर लावायचा आणि सुटायचं. खाली काय होतं ते आता मला कळणार नव्हतं, आणि ती वाट मीच बुजवली होती.

पुढच्या बाजाराला धोंडाबाईनं सुई खाली ठेवली आणि आपण काय केलं ते सगळ्यांपुढे सांगून टाकलं. हे सांगायला खाला स्वतः वखारीत आली. आवाज चढवला नाही.

"धोंडाबाईला म्या काढली न्हाई. भ्याली ती. पर तुमची मालकीण उठली, तांब्या उचलला आन गेली. ती आता यायची न्हाई."

"बरं झालं."

"बाकीच्या पाच हायेत. पर आता मान वर करून बघत्यात, कोण ऐकतंय का." दारातून वळून ती म्हणाली, "एवढ्यासाठी मला म्हैनाभर पायपीट लागली हुती, शेट."

बायको त्यानंतर आठ वर्षं जगली. मुलाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. माझ्यापाशी नाही, आणि कुणापाशीच नाही.

तिचं तेरावं झालं आणि मी खालाकडे गेलो. खालाला आता डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. पावलावरून तिनं मला ओळखलं.

"आता ती गेली," मी म्हणालो. "आता सांगून कुणाचं बिघडणार?"

"तिचं तिच्यासंगं गेलं, शेट." तिनं शेजारची घोंगडी हातानं सारखी केली. "तुमचं काय हाय? बसा. म्या ऐकते."

"मी बायकांगत रडाय आलो न्हाई."

"बरं," ती म्हणाली.

बरं. माझ्या घरातली गोष्ट या बाईपाशी होती, त्या पाचजणींपाशी होती. ज्याची होती त्याला मात्र 'बरं'. मी तरातरा निघून आलो. कोणी म्हणेल, बसायला हवं होतं. म्हणणाऱ्याचं काय जातं?

त्याच वर्षी सुगीत खाला गेली. दफनाला बायका आत जात नाहीत. मी पोचलो तेव्हा ओट्यावरच्या चौघीजणी कब्रस्तानाच्या दगडी गडग्याबाहेर रस्त्यावर उभ्या होत्या, हलक्या आवाजात बोलत. धोंडाबाईही होती, केस पिकलेले. मला पाहून चौघी गप्प झाल्या. मग धोंडाबाई जराशी सरकली. मधे एक माणूस मावेल एवढी जागा झाली.

मी थांबलो नाही. वळणापर्यंत गेलो, तेव्हा मागं त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालेलं दिसलं. कान दिला, पण वारा माझ्याकडून त्यांच्याकडे वाहत होता.