भूतानच्या थंडीला किती कापूस

मी भूतानमध्ये गणित शिकवतो आणि हिवाळ्याच्या सुट्टीत आष्टीला येऊन भूतान शिकवतो. दुसऱ्या कामाला पगार नाही, पण वर्ग मोठा भरतो. बाजाराच्या दिवशी गादीवाल्या चाचांच्या दुकानात, कापसाच्या ढिगावर टेकून मी सुरू झालो की समोरच्या भज्यांच्या गाड्यावरचं गिऱ्हाईकसुद्धा प्लेट घेऊन इकडं सरकतं.

आता आष्टीला मिरची कळते, म्हणून मी मिरचीपासून सुरुवात करतो. तिकडं मिरची फोडणीत घालत नाहीत, मिरचीचीच भाजी करतात, चीज घालून. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा माझ्या कानांतून असा धूर निघाला की पलीकडच्या डोंगरावरच्या मठात वणवा समजून घंटा वाजवली. रस्त्यांना वळणं इतकी, की बसमध्ये पुढच्या खिडकीतला माणूस मागच्या खिडकीतल्याला बाहेरून तंबाखू देतो. आणि तिरंदाजी तर विचारू नका. एकदा मैदानावरून कुणीतरी नेम धरला आणि वर्गात माझ्या हातातला खडू मोडला. बरोबर मधोमध.

चाचा माझ्या वडिलांचे दोस्त. दोघं एका पाटीवर शिकले आणि एकाच वर्षी शाळेतून पळाले. उभ्या जन्माचा कापूस छातीत गेलेला, त्यामुळे त्यांचं हसणं खोकल्यात जातं आणि खोकला परत हसण्यात येतो. मी सांगत असताना ते पिंजायचं मशीन बंद करत नाहीत. मला त्या घरघरीवर आवाज चढवावा लागतो.

"फुगवायचा धंदा माझा हाय, मास्तर," ते म्हणतात, "तू माझ्या पोटावर पाय देऊन राह्यला." मग जमलेल्यांकडं वळून, "हा बोलला की निम्मं काढायचं, उरलं ते घरी न्यायचं. बराबर बसतं."

आष्टीत हा हिशेब सगळ्यांना पाठ आहे. मी सांगितलं की अमुक ठिकाणी हजार पायऱ्या आहेत, तर शेंबडं पोरही म्हणतं, पाचशे.

यंदा मी गेलो तेव्हा मशीन बंद होतं. चाचांनी शटर अर्धं खाली ओढलं, भज्यांची प्लेट घेऊन आलेल्यांना "आज सुट्टी हाय भूतानला" म्हणून परत पाठवलं, आणि मला समोर बसवलं.

आतल्या दारात त्यांची मुलगी उभी होती. मी आष्टीच्या शाळेत तासिकेवर होतो तेव्हा ती माझ्या वर्गात होती. उत्तर येत असूनही हात वर न करणारी. आता बीएस्सी, बीएड झालेली. भूतानला शिक्षक हवेत हे तिला माझ्याच बडबडीतून कळलं. तिनं मात्र त्यातलं निम्मं काढून बाकीचं नीट चौकशी करून घेतलं, मुलाखत दिली, आणि तिची निवड झाली. होय की नाही, ते त्याच आठवड्यात कळवायचं होतं. चाची जाऊन बरीच वर्षं झाली. घरात ही दोघंच.

"एकच पुसतो," चाचा म्हणाले. "पगार नको सांगू, डोंगर नको सांगू. मी मेलो तर ही येती का येळंवर?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. विमान आहे, चाचा. सकाळी निघाली की संध्याकाळी आष्टीत. असं म्हटलं असतं तर त्यांनी निम्मं काढलं असतं आणि तरी पोरीचं काम झालं असतं. ती माझ्याकडं बघत नव्हती. ओढणीला चिकटलेला कापूस एकेक करून काढत होती.

"तुझा बाप गेला तवाचं सांग," चाचा म्हणाले. "याकवालं नको."

याकवालं सगळ्या तालुक्याला माहीत आहे. वडील गेले ते पावसाळ्यात, आणि मी पोचलो ते सगळं उरकल्यावर. दिवस झाल्यावर लोक विचारायला लागले, तेव्हा मी सांगितलं होतं की रस्ता दरडीनं बुजला म्हणून मी याकवर बसून तीन डोंगर ओलांडले, नदी पोहून पार केली, आणि याक सीमेपर्यंत रडत आला. लोकांनी ऐकलं. हसायचं नव्हतं तरी दोघं-तिघं हसले, आणि मला बरं वाटलं.

चाचांना मी जे होतं ते सांगितलं.

फोन सकाळी आला, शाळेच्या घंटेआधी. मी पिशवी भरून खाली बस मिळते त्या दुकानापाशी गेलो. दुकानदारीण म्हणाली, डोंगर रस्त्यावर आलाय, आज काही जाणार नाही. मग मी परत वर आलो. दुसरीकडं कुठं जाणार? घंटा झाली होती, म्हणून सातवीवर गेलो. अपूर्णांक चालले होते. फळ्यावर उदाहरण लिहायला घेतलं आणि पुढचं सुचेना. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली, माझ्या हातातला खडू काढून घेतला, उदाहरण पुरं केलं आणि खडू परत हातात दिला. बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

संध्याकाळी गावातल्या बाया लोण्याचे दिवे घेऊन खोलीवर आल्या. तिकडं गेलेल्या माणसासाठी ते लावतात. वडिलांचं नाव विचारलं. त्यांना ते म्हणता येईना. तरी दिवे विझेपर्यंत म्हणत बसल्या.

दुसऱ्या दिवशी दरडीपर्यंत गेलो. गाड्यांची रांग होती. एका ट्रक ड्रायव्हरनं बिस्किटाचा पुडा दिला, तो मी सगळा खाल्ला. रस्ता मोकळा व्हायची वाट बघितली. मग बस, मग रेल्वे. परतूरच्या स्टेशनवर चुलतभाऊ न्यायला आला होता. त्याचं डोकं भादरलेलं बघितलं, तेव्हा काही विचारायचं उरलं नाही.

"अन् याक?"

"याक नव्हता."

"नदी?"

"पुलावरून आलो."

चाचांनी मशीनच्या पट्ट्यावरून हात फिरवला. "राख सावडायला मी गेल्तो," ते म्हणाले. "तू आल्ता तवा तुझ्या तोंडाकडं बघितलं होतं मी." मग खाकरून, "आज पहिल्या बारी तू कमी सांगितलं. यातलं काई काढायचं न्हाई. यात घालावं लागल."

दारातून आवाज आला. "अब्बा, मी न्हाई म्हणून कळवते."

"गप बस. आमच्यात तसंबी कुणासाठी थांबत न्हाईत. तू जालन्याला असली अन् गाडी पंक्चर झाली, तरी माती देऊन मोकळे व्हतील लोक. मातीला हजर ऱ्हावी म्हणून पोरगी घरात बसवून ठिवू का मी? रजई हाय का ती, घडी घालून पेटीत ठिवायला?"

"मंग पुसलं कशाला?"

"मला मालूम पाहिजे. तुलाबी. आता दोघाला मालूम हाय."

ती बाहेर येऊन कापसाच्या गठ्ठ्यावर बसली. आता माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "सर, मग तुम्ही परत का गेलात?"

मी म्हणालो, "त्या बाया अजूनही रस्त्यात भेटल्या की वडिलांचं नाव घेतात. चुकीचं घेतात."

तिनं ते उदाहरण सोडवावं तसं मनात मांडून बघितलं. मग बापाकडं बघत म्हणाली, "अब्बाचं नाव सोपं हाय. त्या बायांना म्हणता येईल."

मला वाटलं, आता चाचा उठतील आणि आत निघून जातील. पण ते हसायला लागले, हसण्याचा खोकला झाला, ती पाणी आणायला धावली, आणि पाणी प्यायल्यावरही ते डोळे पुसत होते.

मग त्यांनी शटर पूर्ण वर केलं, नव्या खोळीचं कापड अंथरलं आणि तराजू पुढं ओढला.

"थंडी किती असती तिकडं?"

एरवी मी सांगितलं असतं की तिकडं चहा गाळायच्या आत गोठतो, कपाऐवजी खिशात घालून नेतात. पण तिच्यासमोर ते तोंडात आलं नाही.

"असते थोडीफार," मी म्हणालो.

"थोडीफार," चाचा म्हणाले. त्यांनी चांगल्यातला कापूस तराजूत टाकला, पारडं टेकलं, तरी टाकत राहिले.

"चाचा, बस करा. रजई भरून राह्यले का गादी?"

"तू थोडीफार म्हणला ना," ते म्हणाले, आणि दोन्ही हातांनी आणखी एक ओंजळ वर ठेवली.