सूनबाईनं मत विचारलं

आमच्या ह्यांनी एस.टी. डेपोत जन्मभर माइकवरून गाड्या पुकारल्या. त्यामुळे निवृत्तीनंतर ते मोबाईलवर स्पॅनिश शिकायला लागले, तेव्हा तेही बुलढाण्याची गाडी फलाटावर लागल्याचं पुकारल्यासारखंच बोलायचे. मुलगा स्पेनमध्ये, सून तिकडचीच, नात चार वर्षांची. सुनेशी सरळ दोन शब्द बोलता यावेत, एवढाच त्यांचा हेतू. मी म्हटलं, या वयात जीभ वळायची नाही. पण ऐकतील तर ते हे कसले.

त्यांना एक क्रियापद भारीच आवडलं. पेन्सार, म्हणजे विचार करणं. ‘पिएन्सो के’ म्हटलं की पुढे आपलं मत मांडायचं, मला असं असं वाटतं म्हणून. दोन गोष्टींतली कोणती घ्यावी हे ठरत नसलं, तरी तेच क्रियापद चालतं. मग काय, चिखलीच्या बाजारात वांगी घ्यायची की दोडके, यावरही पिएन्सो के. भाजीवाली बिचारी तोंडाकडे बघत राहायची. ज्या माणसानं मला न विचारता घराचे पडदेसुद्धा आणले, तो आता दिवसभर मतं वाटत फिरत होता.

यंदा उन्हाळ्यात मुलानं सांगितलं की वर्षभर दोघांनाही कुठूनही काम करता येईल. आपल्याकडे येऊन राहावं, की तिकडेच राहून पोरीला शाळेत घालावं, याचा विचार चाललाय. मी लगेच वरची खोली रंगवून घेतली. कमोड बसवला, खिडक्यांना डासांची जाळी लावली, शेजारणीला सांगूनही टाकलं. नात वर्षभर आपल्या घरात नांदणार, या आनंदात मला दुसरं काही सुचत नव्हतं.

एका रविवारी सुनेचा व्हिडिओ कॉल आला. मागे मुलगा पोरीला भरवत बसला होता. सून आमच्यासाठी मुद्दाम सावकाश, शब्द सुटे करून बोलली. ह्यांनी घसा साफ केला आणि पिएन्सो के, पिएन्सो के करत लांबलचक उत्तर दिलं. फोन ठेवल्यावर मला सगळं मराठीत सांगितलं. तिनं विचारलं होतं, आम्ही यावं असं तुम्हाला वाटतं का, अगदी मनातलं सांगा. आणि हे म्हणाले होते, आमची काळजी करू नका, इथं ऊन फार, लाईट सारखी जाते, लेकराचे हाल होतील, मला वाटतं तुम्ही तिकडेच राहिलेलं बरं.

मला हे उत्तर अगदी शोभेसं वाटलं. आमच्याकडे कोणी जेवायचा आग्रह केला तर पहिल्यांदा नकोच म्हणतात. ताटावर हात आडवा धरतात, आणि वाढणारा त्या हाताखालून पोळी सरकवतो. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा तो हावरट. इथं तर लेकरांच्या संसाराचा प्रश्न, त्यांना आपणच कसं म्हणायचं, या म्हणून? ती पुन्हा विचारेल, मग हे थोडे आढेवेढे घेतील आणि शेवटी हो म्हणतील, असा आमचा दोघांचाही हिशेब. हे म्हणालेसुद्धा, "पाहजो, येत्या रविवारी पुन्हा इचारते ते."

पुढच्या रविवारी सुनेनं हसत हसत पोरीचं नवं दप्तर दाखवलं. शाळेत नाव घालून झालं होतं, शाळेजवळचं घरही भाड्यानं घेतलं होतं. तुम्ही मोकळेपणानं मत दिलंत म्हणून ठरवणं सोपं गेलं, असं म्हणून तिनं ह्यांचे आभार मानले. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. एकदा विचारलं आणि मोकळी झाली? असं कोणी विचारतं का? संध्याकाळपर्यंत हे खुर्चीत बसून एकच बोलत होते, की तिनं पुन्हा विचारलंच नाही.

सुनेचा राग आला, पण तो धरून ठेवता येईना. लग्नाला आली तेव्हा तिनं तिसरी पुरी नको म्हटली, आम्ही वाढलीच, तर डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. तिच्या लेखी नको म्हणजे नको. तिनं विचारलं, ह्यांनी सांगितलं, तिनं ऐकलं. पण मुलाचं काय? तो तर चिखलीतच लहानाचा मोठा झाला. ह्यांना खुर्चीतच सोडून मी गच्चीवर गेले आणि त्याला फोन लावला.

म्हटलं, "तिले नाही समजलं, मान्य. पण तू तं तिथंच बसला होता. तुह्या बापानं नको म्हटलं म्हणजे काय म्हटलं, हे तुले बी समजलं नाही का?"

तिकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"समजलं होतं, आई."

"मंग तिले काऊन नाही सांगतलं?"

"तिले यायचंच होतं. मलेच यायचं नव्हतं."

मी फोन ठेवला. जिना उतरून खाली आले. हे दारातच उभे होते, काय म्हणे पोरगा, म्हणून विचारत.

मी म्हटलं, "त्याले बी नाही समजलं."