धाकट्या जावयाचं नवं जॅकेट

धोंड्याच्या महिन्यात जावयाला देव मानून जेवू घालतात. माझ्या सासुरवाडीला जावई दोन. मी लातूरचा, थोरला, केस पिकायला लागलेला. दुसरा नांदेडचा, लग्नाला जेमतेम वर्ष झालेला. त्या घरात देव कोण होता, हे सांगायला नको.

गाव धरणाच्या फुगवट्याला लागून. धोंडे खाऊन झाले की जावयांनी जोडीनं पलीकडच्या देवळात जायचं, तेही नावेतून, अशी तिथली रीत. आम्ही दोघं, आमच्या बायका आणि सासूबाई असे निघालो. नावाड्यानं आधी सगळ्यांना लाइफ जॅकेटं दिली. त्यात नवंकोरं एकच, बाकीची उन्हानं विटलेली. सासूबाईंनी नवं उचललं आणि थेट धाकट्याच्या अंगात घातलं, आहेराच्या शालीवरून. शाल चुरगळू नये म्हणून पट्टे ढिलेच ठेवले. माझा जळफळाट झाला. मी माझी शाल पिशवीत कोंबली, विटकं जॅकेट चढवलं आणि स्वतःच पट्टे आवळले.

मध्यावर वारं सुटलं. लाटा आदळून पाणी आत यायला लागलं.

"कुनी उठायचं न्हाई. हाय तिथंच बसा," नावाडी म्हणाला आणि त्यानं नावेचं तोंड लाटेकडं वळवलं.

धाकटा पांढराफटक पडला होता. त्याचं जॅकेट वर सरकून हनुवटीला टेकलेलं. तो पाण्यात पडला असता तर जॅकेट डोक्यावरून निघून वर राहिलं असतं आणि हा खाली गेला असता. मी बसल्या जागेवरून त्याची शाल ओढून काढली आणि एकेक पट्टा गच्च आवळला.

"भाऊ, मला पोहता येत न्हाई," तो पुटपुटला.

मला तरी कुठं येत होतं? पण ते सासुरवाडीत आजवर कुणी विचारलं नव्हतं.

काठाला लागलो. सासूबाईंनी धाकट्याचं डोकं पदरानं पुसलं, पाणी पाजलं, दृष्ट काढायची म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "तुमची मला कायबी काळजी न्हाई बघा, जावईबापू."

बायकोला वाटलं, आईनं माझा केवढा मान केला. मला मात्र नवं जॅकेट नको होतं, शालही नको होती. मला ती काळजी हवी होती, आणि ती सगळीच्या सगळी त्या पोराच्या ओल्या डोक्यावर चालली होती.

परतताना वारं पडलं होतं. नावेत बसताना मी माझे पट्टे मुद्दाम ढिले सोडले आणि सासूबाईंच्या अगदी समोर जाऊन बसलो. त्या धाकट्याचे पट्टे तपासत होत्या.

"ओ पाव्हणे, पट्टा आवळा," नावाडी मागून ओरडला.

सासूबाईंनी मान वर केली नाही. मी पट्टा आवळला.