नायक मेला तेव्हा

काका गेल्यानंतर काकू पहिल्यांदाच माझ्याबरोबर सिनेमाला आली होती. शेवटी नायक तळमळून मेला, पण थिएटरात कुणाचेच डोळे ओलावले नाहीत. बाहेर येताना मी काळजीनं विचारलं, "त्रास नाही ना झाला?"

"त्याचा कसला त्रास?" काकू म्हणाली. "सगळा वेळ स्वतःच्याच दुःखात होता. बायको ताट वाढून बसलेली, तिला एकदा तरी 'तू जेवलीस का' म्हणाला? तुझे काका शेवटच्या दिवशीसुद्धा दवाखान्यात मला विचारत होते."

आणि तिथं पायऱ्यांवरच तिला रडू फुटलं. सोसतानाही ज्याला दुसरं माणूस दिसतं, त्याच्यासाठीच आपले डोळे भरतात, हे मला पक्कं पटलं. मग आम्ही दोघी काकांसाठी मनसोक्त रडलो.