झाकून ठेवलेल्या दोन पोळ्या

नोकरीत मी बरीच प्रकरणं हाताळली. त्यातली निम्मी आता धड आठवतही नाहीत. हे मात्र लख्ख आठवतं, आणि तेही एका जेवणाच्या डब्यामुळे.

थंडीचे दिवस होते. पनवेल भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. भर दुपारी नेऱ्याच्या पुढच्या एका गावातून तिथल्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"सायब, वरच्या तल्यात मानूस बुडलाय. त्याचे दोगं दोस्त आमच्या पडवीत बसलेत. निस्ते थरथरतात, धड बोलत नाय. तुमी लवकर या."

स्टेशन डायरीला नोंद केली, पाणबुड्यांना निरोप दिला आणि निघालो. ते तळं गावाच्या बरंच वर, डोंगराच्या कुशीत आहे. त्याच्या मागे एक उघडा सुळका आहे. सुळक्यावर चढायला मनाई आहे, चढल्यास कारवाई होईल, असा फलक तळ्याकाठीच लावलेला होता.

पडवीतले दोघं आणि बेपत्ता झालेला तिसरा, सगळे खांदा कॉलनीतले. शाळेपासूनचे मित्र, पस्तिशीतले, चांगल्या नोकऱ्या असलेले. मी दोघांचे जबाब वेगवेगळे घेतले. दोघंही एकच सांगत होते: "आम्ही तिघं काठावर एकत्र जेवलो. तो हात धुवायला पाण्यात उतरला, पाय घसरला आणि दिसेनासा झाला."

जबाब शब्दाला शब्द जुळले आणि तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खरी घडलेली गोष्ट सांगताना दोन माणसं थोडी तरी चुकतात, एखाद्या बारीकसारीक गोष्टीवरून वाद घालतात. हे दोघं कुठेच अडखळत नव्हते.

दोघांना घेऊन तळ्यावर गेलो. त्याची सॅक पाण्याच्या अगदी कडेला होती, मोबाइल आतच. पाणबुड्यांनी काम सुरू केलं. सॅक आणि त्या दोघांना घेऊन मी खाली गावात आलो, तोवर त्याची आई रिक्षाने येऊन पोचली होती. बाई रडत नव्हत्या. माझ्यासमोर येऊन ठामपणे म्हणाल्या, "साहेब, माझा मुलगा पाण्यात उतरणारच नाही. समुद्रावर गेलो तरी हा पँट दुमडून लांब वाळूत उभा राहतो."

खरं सांगायचं तर असं प्रत्येक आई म्हणते. मी मान हलवली आणि पंचनाम्याला बसलो.

दोन पंचांसमोर सॅक उघडली. मोबाइल, पाण्याची बाटली, स्वेटर आणि स्टीलचा डबा. हवालदार लिहून घेत होते. डब्यात घडी घातलेल्या दोन पोळ्या, त्यांच्याशेजारी बटाट्याची भाजी, लोणच्याची फोड आणि मुंग्या लागू नयेत म्हणून वर पालथी घातलेली वाटी. हवालदार म्हणाले, "लिहितो सर, उरलेलं अन्न."

"उरलेलं नाही हे," आई एकदम म्हणाल्या. "तिघांचं मीच बांधून दिलं होतं. हे त्याचं वेगळं काढून ठेवलंय."

मी पुन्हा डब्यात पाहिलं. बाईंचं बरोबर होतं. उरलेलं अन्न कसंही पडलेलं असतं. हे कोणीतरी वाढून ठेवलं होतं. आपल्याकडे असं पान कोणासाठी झाकून ठेवतात? जो जेवायला बसलेला नाही, मागाहून येणार आहे, त्याच्यासाठी. मग तिघं एकत्र जेवले कधी?

मी दोघांपैकी एकाला पाटलांच्या घरात आत बोलावलं. पाण्याचा विषयच काढला नाही. डबा त्याच्यासमोर ठेवला.

"हे कोणाचं?"

"त्याचं, सर."

"तो तर तुमच्याबरोबर जेवला होता ना?"

त्याची नजर पालथ्या वाटीवर गेली. मी विचारलं, "कुठून यायचा होता तो जेवायला?"

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "सुळक्यावरून, सर."

मग सगळं बाहेर पडलं. यांनी त्याला चिडवलं होतं, "तुझं पोट वर जाऊ देईल का तुला?" तो इरेला पेटून एकटाच चढला. हे दोघं जेवले, त्याचं काढून ठेवलं. मग दगड कोसळल्याचा आवाज आला. खूप हाका मारल्या, उत्तर आलं नाही. तो गेला, असं दोघं धरूनच चालले. मनाई असलेल्या जागी आपण त्याला डिवचून चढवलं, आता केस होणार, नोकरी जाणार. बुडाला म्हटलं की अपघात! म्हणून सॅक पाण्याकडे नेऊन ठेवली.

"आणि डबा? तो का नाही रिकामा केलास?"

"त्याचं होतं सर ते. टाकणार कसं?"

मी वाटी पुन्हा तशीच पालथी घातली आणि उठलो.

पाण्यातला शोध थांबवला. दोर घेऊन गावकरी आणि निरोप देऊन बोलावलेले गिर्यारोहक सुळक्याकडे धावले. मीही धापा टाकत मागे होतो. अंधार पडायच्या आत तो सापडला. एका अरुंद कपारीत अडकलेला, पाय मोडलेला, डोक्याला खोक, पण जिवंत. पडल्यावर बराच वेळ बेशुद्ध होता, म्हणून हाकांना उत्तर नव्हतं.

त्याला खाली घेतलं. घसा कोरडा पडलेला, आवाज फुटेना. पाणी पाजलं. पहिला प्रश्न त्याने माझा हात घट्ट धरून विचारला, "साहेब, ते दोघं सापडले का?"

मला कळेना. मग उलगडलं. शुद्धीवर आल्यापासून तो वरून तळ्याकडे बघत होता. पाणबुडे पाण्यात बुड्या मारत होते, आणि काठावर मित्र कुठे दिसत नव्हते. आपल्यामागे तेच बुडाले, असं समजून हा माणूस दुपारभर तिथे रडत होता.

"सुखरूप आहेत," मी म्हटलं. पुढचं सांगायचं धाडस मला झालं नाही.

पोलिसांना खोटी माहिती दिल्याबद्दल दोघांवर रीतसर कारवाई केली. त्यात मी हयगय केली नाही. त्या खोट्यापायी एक जिवंत माणूस वर तडफडत राहिला होता. या प्रकरणापासून प्रत्येक चौकशीत मी आधी जेवणाचं विचारू लागलो. कोण कुठे जेवलं, कोणासाठी थांबलं. त्याबद्दल खोटं बोलायची तयारी करून कोणी येत नाही.

पण माझं कुतूहल अजून शमलेलं नाही. मुंग्या लागू नयेत म्हणून ज्या हातांनी वाटी पालथी घातली, त्याच हातांनी सॅक पाण्याकडे नेली. ही दोन माणसं वाईट होती की चांगली, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

गावात रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला पडवीत निजवलं होतं. समोर दोघं मान खाली घालून बसलेले. त्यांना पाहून तो हसला. खरं काय ते त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं. आईने डबा उघडून पोळीचा घास त्याच्या तोंडाशी नेला, तर त्याने तिचा हात धरला आणि मित्रांकडे बघून विचारलं,

"आई, हे दोघं जेवलेत का?"